पोर्शे ९४४ : सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही

६ फेब्रुवारी

गाडी ओढून आणली. पोर्शे ९४४, १९८४ चं मॉडेल, अडीच लिटरचं चार सिलिंडर इंजिन. तक्रार एका ओळीची: सेल्फ फिरतो, इंजिन चालू होत नाही.

मालक माझा मावसभाऊ, वयाने मोठा, म्हणून पुढे नुसतं ‘दादा’ लिहितो. गाडी आत ढकलायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याकडून इतिहास काढायला लागला. ‘कधीपासून?’ याचं पहिलं उत्तर नेहमी ‘अचानकच’ असं येतं. खोदून विचारल्यावर निघालं ते असं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात क्लचप्लेट बदलली. त्यानंतर गाडी चालत होती, पण सकाळी पहिल्यांदा चालू करताना सेल्फ जरा लांबवावा लागे. मग एकदा अजिबात चालू झाली नाही, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर लावला तर क्षणात झाली. साहजिकच नवी बॅटरी घेतली. काही आठवडे मजेत गेले आणि पुन्हा तेच. आता जंपर लावूनही कधी होते, कधी नाही.

दादाने सोबत एक खोकंही आणलंय: नवा कोरा डीएमई रिले (विजेवर चालणारा स्विच). ‘सगळे म्हणतात हाच असणार.’

सगळे का म्हणतात ते खरंच आहे. ९४४ मध्ये ठिणगी आणि पेट्रोल हे दोन्ही बॉशच्या एकाच इलेक्ट्रॉनिक पेटीच्या (हीच डीएमई) ताब्यात असतात आणि त्या पेटीला व पेट्रोल पंपाला वीज पोचवतो तो हा रिले. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन त्याच्या आतलं सोल्डर चिरतं. ९४४ बंद पडली की पहिलं बोट त्याच्याकडे जातं, आणि पुष्कळदा ते बरोबर असतं. पण रिलेला दोषी धरलं तर जंपर लावल्यावर गाडी का चालू होते, याचं उत्तर मिळत नाही. खोकं न फोडता फळीवर ठेवलं.

बॅटरी चार्जिंगला. आज एवढंच.

७ फेब्रुवारी

सेल्फ मारण्याआधी टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सरकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यामुळे ‘चालू होत नाही’ म्हणून आलेल्या ९४४ ला आधी पन्नास वेळा सेल्फ मारून बघणं हा उद्योग करायचा नाही. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली (इंजिनच्या पुढच्या तोंडालाच आहे, कॅमशाफ्टवर), क्रँकच्या बोल्टला २४ चा सॉकेट लावून हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवलं. रोटर फिरला, अडकलं काही नाही, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या) खुणा क्रँकवर आणि कॅमवर एकाच वेळी जुळल्या. बेल्टवरचं कव्हर काढून कडा पाहिल्या: तेल नाही, चिरा नाहीत, दात शाबूत.

वय विचारलं. दादाकडे पावती आहे, बेल्ट तीन वर्षांहून जुना. साधारण चार वर्षं किंवा ७०-७५ हजार किलोमीटर हा त्याचा हिशोब धरतात. म्हणजे जागेवर इंजिन चालवून बघायला हरकत नाही, लांब फिरवायला आहे.

पेट्रोलच्या होजपाइपांवरून हात फिरवला. रेलजवळचा (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीजवळचा) एक पाइप दाबल्यावर बारीक चिरा दिसल्या. गळत नाही, पण इंजिनच्या डोक्यावर, गरम भागाजवळ असलेला हा पाइप मी तसाच ठेवणार नाही. आज रात्रीच ऑर्डर. टाकीतलं पेट्रोल हुंगलं, ताजं वाटतंय. आग विझवायचा सिलिंडर दारापाशी आणून ठेवला.

८ फेब्रुवारी

होज बदलला. मग मूळ प्रश्न: ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का?

पेट्रोल आधी. रेलच्या टोकाला प्रेशर बघायची जागा आहे, तिच्यावर एक टोपीसारखा नट असतो आणि त्या नटाच्या आत एक छोटी पोलादी गोळी असते, तीच सील. नट काढताना खाली फडकं धरलं नाही तर गोळी इंजिनखाली जाते आणि मग ती शोधण्यात संध्याकाळ जाते. फडकं धरलं, गोळी डबीत. गेज लावला. रिले काढून त्याच्या जागी ३० आणि ८७बी या दोन पायांमध्ये जंपर (वायरीचा तुकडा) घातला. मागून पंपाची गुणगुण ऐकू आली, काटा २.५ बारवर जाऊन थांबला. जंपर काढल्यावरही बराच वेळ खाली आला नाही. पंप, फिल्टर, रेग्युलेटर सगळं ठीक.

आता ठिणगी. कॉइलच्या जाड वायरला टेस्टर, टेस्टरला अर्थ, सेल्फ. काही नाही. इंजेक्टरच्या प्लगमध्ये छोटा एलईडी लावला. या गाडीत चारही इंजेक्टर एकदमच उघडतात, त्यामुळे एकाला लावला तरी पुरतो. सेल्फ मारला, एलईडी ढिम्म.

ठिणगी नाही आणि इंजेक्टरही नाही. दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांचा बाप एकच. कॉइल, कॅप, प्लगच्या वायरी, इंजेक्टर ही सगळी मंडळी एका फटक्यात संशयातून सुटली. उरले चौघे: पेटीला मिळणारी वीज (रिले), पेटीची अर्थ, फ्लायव्हीलवरचे (इंजिनच्या मागच्या जड चाकावरचे) सेन्सर, आणि अगदी शेवटी पेटी स्वतः. पेटीचा नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण ती सगळ्यात महाग आणि बिचारी सहसा निर्दोष असते.

एक गोष्ट अजून नोंदवतो. सेल्फ चालू असताना टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा थोडा तरी थरथरला पाहिजे. नाही थरथरला. म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच पेटीपर्यंत पोचत नाहीये, असा पहिला अंदाज.

११ फेब्रुवारी

दादाचा फोन: ‘रिले टाकलास का?’

नाही टाकला, पण रिले आहे की नाही हा प्रश्नच काढून टाकला. रिले बाहेर, आणि ३०, ८७ आणि ८७बी तिन्ही पाय एका तीन शेंड्यांच्या जंपरने जोडले, मधे फ्यूज. आता पेटीला आणि पंपाला रिलेशिवाय थेट वीज. सेल्फ मारला. तेच. टॅकोमीटर मेलेला, ठिणगी नाही.

रिले निर्दोष, निदान या गुन्ह्यात. हा जंपर फक्त तपासणीपुरता, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण काही लोक तो तसाच ठेवून गाडी हाकतात. पंपाच्या रिलेला अर्थ द्यायची की नाही हे पेटी इंजिन फिरतंय का ते बघून ठरवते. अपघातात इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबतो तो त्यामुळेच. जंपर असेल तर फुटलेल्या पाइपातून पेट्रोल येतच राहील.

फळीवरचं खोकं अजून बंद.

१४ फेब्रुवारी

आज सेन्सर. ही जागा ज्याने कोणी ठरवली त्याचे हात लहान मुलासारखे असावेत. इंजिनच्या अगदी मागे, फायरवॉलला लागून, बेलहाऊसिंगच्या (क्लच-फ्लायव्हीलवरच्या कवचाच्या) डोक्यावर एका ब्रॅकेटमध्ये दोन सेन्सर शेजारी-शेजारी. एक फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात मोजतो, १३२ दात, त्यावरून वेग. दुसरा फ्लायव्हीलमध्ये बसवलेल्या एका पिनकडे बघतो आणि प्रत्येक फेऱ्याला एकदाच इशारा देतो, त्यावरून क्रँक नेमका कुठे आहे ते. दोन्ही एकाच जातीचे, चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. लोखंड समोरून सरकलं की वेटोळ्यात करंट उठतो. बाहेरून वीज लागत नाही.

सुदैवाने त्यांचे प्लग वर, हाताला येतील असे. मीटर लावला. १ आणि २ मध्ये ६०० ते १६०० ओहम हवेत. वेगाचा ९३०, पिनवाल्याचा ९६०. दोन्ही पास. १ आणि ३ मध्ये, म्हणजे सिग्नल आणि तारेवरची जाळी यांच्यात, १०० किलो-ओहमच्या वर हवेत. दोन्हीकडे मीटरने हात वर केले, म्हणजे पूर्ण उघडं. तेही पास.

पुस्तकाप्रमाणे सेन्सर चांगले. पण ओहम मोजणं म्हणजे फक्त तार तुटलेली नाही एवढं कळणं. तो सिग्नल किती देतो हे फिरताना बघितलं पाहिजे. मीटर हर्ट्झवर ठेवून वेगाच्या सेन्सरला लावला आणि सेल्फ मारला: २४० हर्ट्झच्या आसपास. १३२ दात, म्हणजे २४० गुणिले ६० भागिले १३२, साधारण ११० फेरे मिनिटाला.

आणि इथे गाडी पहिल्यांदा काहीतरी बोलली. चार सिलिंडरचं इंजिन, पूर्ण चार्ज बॅटरी, सेल्फवर २०० च्या जवळपास फिरायला हवं. कानाला ते ‘फिरतंय’ असंच वाटत होतं. इतके दिवस सगळ्यांना तसंच वाटलं असणार.

वेगाशी या सेन्सरांचा थेट संबंध आहे. लोखंड जितक्या वेगाने सरकेल तितका व्होल्टेज. इंजिन निम्म्या वेगाने फिरलं तर सिग्नलही निम्मा. पिनवाल्याचा इशारा मीटरवर पकडता येत नाही, फेऱ्यामागे एकच टिचकी, म्हणून खिशात मावणारा ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर टिचकी आहे, पण बुटकी, आजूबाजूच्या खडखडाटातून जेमतेम डोकं वर काढणारी. पेटीने तिला ओळखलं नाही तर दोष पेटीला देता येत नाही.

१५ फेब्रुवारी

सेल्फ हळू का? बॅटरी नवी आहे, चार्ज आहे, थांबलेल्या स्थितीत १२.६ व्होल्ट. सेल्फ चालू असताना तिच्या खुंट्यांवर १०.९. या वेगाला याहून चांगलं अपेक्षित नाही. बॅटरी पास.

मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते. हा तपास मला सगळ्यात आवडतो, कारण काहीही खोलावं लागत नाही. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मीटर, सेल्फ मारला: ०.३ व्होल्ट. चालेल. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत: ०.१. उत्तम. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत: १.५.

दीड व्होल्ट! अर्धा असता तरी मी नाक मुरडलं असतं. सेल्फला १०.९ ऐवजी ९.१ मिळतायत. शिवाय पेटीची अर्थ इंजिनवरच बांधलेली असते, म्हणजे तिलाही नेमकं त्या क्षणी दीड व्होल्ट कमी.

आता दादाची जंपरची गोष्ट आठवून फोन लावला. ‘दादा, जंपर लावलास तेव्हा काळा चिमटा कुठे लावला होतास?’ थोडं आठवून म्हणाला, ‘इंजिनला, लोखंडी कडी आहे ना तिला. बॅटरीवर लावू नये, ठिणगी उडते म्हणतात ना.’ अगदी बरोबर लावला होता. आणि अलीकडे जेव्हा झाली नाही तेव्हा? ‘तेव्हा दुसऱ्याने लावला. बॅटरीलाच लावला असेल.’

तर प्रयोग. दुसरी बॅटरी आणलीच नाही. नुसती एक जंपर केबल घेतली, एक चिमटा गाडीच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिन उचलायच्या कडीला. सेल्फ मारला.

चालू झाली. अर्ध्या फेऱ्यात म्हणावं अशी. केबल काढली, बंद केली, परत सेल्फ: नाही. केबल लावली: चालू. दादाला कधी दुसऱ्या बॅटरीची गरजच नव्हती, त्याला त्या काळ्या वायरीची गरज होती. नव्या बॅटरीने काही आठवडे निभावलं ते तिच्या ताज्या जोरावर.

२१ फेब्रुवारी

गाडी स्टँडवर चढवून मागे-खाली. इथे क्लचची गोष्ट परत येते. ९४४ मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, मधे एक लांब नळी, तिच्यातून शाफ्ट. वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं आणि वळणावर ही गाडी त्यासाठीच नावाजली जाते. त्याचं भाडं क्लच बदलणारा भरतो: सायलेन्सर उतरवा, गिअरबॉक्स उतरवा, नळी मागे सरकवा, मग बेलहाऊसिंग सुटतं. आणि बेलहाऊसिंग सोडायचं तर त्यावरचे सेन्सर आणि अर्थच्या वायरी आधी काढाव्या लागतात.

काढल्या होत्या आणि परत लावल्याही होत्या. इंजिनची अर्थ रंग दिलेल्या ब्रॅकेटवर, रंग न खरवडता, बोल्टखाली दाबलेली. इतके महिने करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता. लगच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली हिरवं-पांढरं साठलेलं, बोल्ट हाताने अर्धा फेरा फिरला. पेटीच्या दोन तपकिरी वायरीही तिथेच. जर्मन गाडीत तपकिरी वायर दिसली की ती अर्थ समजायची, पायावर ३१ आकडा असतो.

जुनी विणलेली पट्टी आतून काळी पडलेली. कापून बघितली तर अर्ध्या तारा कुरकुरीत. ३५ चौरस मिमीची नवी केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग. ब्रॅकेट लख्ख धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, वरून व्हॅसलीन. तपकिरी वायरींचे लग साफ.

ब्लॉकपर्यंतचा ड्रॉप आता ०.१५. सेल्फवर ४३० हर्ट्झ, म्हणजे १९५ फेरे. टॅकोमीटरचा काटा थरथरला आणि दुसऱ्या क्षणी गाडी चालू. जंपर नाही, काही नाही.

दादाला कळवलं. तो म्हणाला, ‘मग नेऊ?’ मी म्हटलं, थांब.

२२ फेब्रुवारी

थांब म्हटलं ते बरं. थंड इंजिन ठीक. वीस मिनिटं जागेवर चालवलं, पंखा लागला, बंद केलं, दहा मिनिटं बॉनेट बंद ठेवून मुद्दाम तापू दिलं. बंद केल्यावर लगेच उष्णता मागच्या भागात साचते, सेन्सर नेमके तिथे. सेल्फ मारला: फिरतंय जोरात, काटा मेलेला, ठिणगी नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू.

खरं तर हे अपेक्षित होतं. निरोगी सेन्सर ११० फेऱ्यांवरही इंजिन चालू करून देतो, कडाक्याच्या थंडीत गाड्या त्याहून वाईट फिरतात आणि तरी होतात. इथे बुटकी टिचकी नुसत्या वेगामुळे नव्हती. वेग वाढवल्यावर ती थंडीत पुरेशी झाली, गरम झाल्यावर परत कमी पडतेय.

गरम असतानाच प्लग काढून मीटर. हे महत्त्वाचं, बिघाड हजर असतानाच मोजायचा. १ आणि २ मध्ये ९६० चे ११८० झालेत. तांबं दर अंशाला सुमारे ०.४ टक्के रोध वाढवतं, साठेक अंश तापलंय असं धरलं तर हिशोब जुळतो. तो बिघाड नाही. पण १ आणि ३ मध्ये, जिथे गारात मीटरने हात वर केले होते, तिथे आता आकडा नाचतोय: ६०, ३५, ७० किलो-ओहम. वायर जरा हलवली की वेगळा. तारेचं आवरण आतून ठिसूळ होऊन तुटलंय आणि गरमीत सैल झालं की सिग्नल जाळीकडे पळतो. चाळीस वर्षं इंजिनच्या मागे भाजल्यावर दुसरं काय होणार.

वेगाचा सेन्सर गरमातही ठीक. तरी दोन्ही नवे मागवले. एकाच वयाचे, एकाच जागी. एक बदलून दुसरा ठेवण्यात शहाणपण नाही, त्या खबदाडात हात परत घालायची माझी तरी तयारी नाही.

२८ फेब्रुवारी

सेन्सर आले. कालपासून जुन्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय.

सोडण्याआधी दोन्ही प्लगना खूण केली, एकाला लाल टेप, एकाला निळी. प्लग एकमेकांत बसतात, आणि उलटे लागले तर गाडी मेलेलीच राहते, तीही इतक्या पूर्ण की माणूस नवे सेन्सर खराब म्हणून परत करायला निघतो.

वेगाचा सहज निघाला. पिनवाला नाही. ओढायचं नाही, डावी-उजवीकडे फिरवत राहायचं. तरी प्लास्टिकचं डोकं तुटलं आणि खालचा भाग ब्रॅकेटमध्येच राहिला. मग ब्रॅकेटच काढला, बाकावर नेऊन मागून हलका ठोका देऊन उरलेलं बाहेर. ब्रॅकेट काढायचाच होता एक प्रकारे, कारण खरी मोजणी पुढे आहे.

सेन्सरचं टोक आणि फ्लायव्हीलवरची पिन यांच्यात ०.८ मिमी फट हवी. ही फट ब्रॅकेट वर-खाली सरकवून ठरते, आणि क्लचच्या वेळी तो ब्रॅकेट सुटलेला असणार. पूर्वी किती होती हे कळावं म्हणून ब्रॅकेट काढण्याआधी, त्याचे बोल्ट जिथे होते तिथली खूण मार्करने करून ठेवली होती. आता साफ केलेला ब्रॅकेट त्याच खुणेवर बसवला. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरवत फिरवत भोकातून पिनचं डोकं दिसेपर्यंत आणला, नव्या सेन्सरच्या टोकाला प्लास्टिसिनची गोळी चिकटवून आत दाबला, परत काढला, चपटी झालेली गोळी व्हर्नियरने मोजली. १.६ मिमी.

दुप्पट. आणि फट वाढली की सिग्नल सरळ निम्मा होऊन थांबत नाही, त्याहून वेगाने पडतो, कारण चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने विरतो. बुटक्या टिचकीचं मूळ हे. नव्या क्लचनंतर पहिल्या दिवसापासून ती बुटकी होती, फक्त वायर शाबूत असेतो आणि अर्थ घट्ट असेतो निभावत होती. तिन्ही मिळून गाडी बंद पडली. यातलं कुठलंही एक एकटं असतं तर बहुतेक कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

फट लावायची रीत सोपी आहे: नेमक्या ०.८ मिमी जाडीचा छोटा वॉशर सेन्सरच्या टोकाला ठिपकाभर गोंदाने चिकटवायचा, पिन बरोबर खाली आणायची, सेन्सर ब्रॅकेटमध्ये बसवून वॉशर पिनला टेकेपर्यंत ब्रॅकेट खाली आणायचा, बोल्ट घट्ट, सेन्सर बाहेर, वॉशर काढून टाकायचा, सेन्सर परत आत. वॉशर काढायला विसरलात तर फ्लायव्हील तुमच्यासाठी काढेल, सेन्सरच्या टोकासकट. वॉशर हातात घेऊन फोटो काढून ठेवला, नंतर शंका नको. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, कुठे घासत नाही.

वायरी जुन्या क्लिपांमधून, गरम भागांपासून लांब. लाल लालला, निळा निळ्याला.

ऑसिलोस्कोप लावला. टिचकी आता उंच, स्वच्छ, खडखडाटाच्या कितीतरी वर. गाडी चालू.

१ मार्च

दिवसभर गरम-बंद-चालू. पंखा लागेपर्यंत चालवायची, बंद करायची, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी सेल्फ. दर वेळी झाली. मग उलट बाजूने ताणून पाहिलं: बॅटरी मुद्दाम हेडलाइट लावून थोडी उतरवली, सेल्फ सुस्त झाला, तरी झाली. मला हेच बघायचं होतं. चांगल्या बॅटरीवर तर ती २१ तारखेलाही होत होती.

पेट्रोल रेलच्या नटात गोळी परत बसवली होती का ते पुन्हा तपासलं. होती. गळती नाही.

वेळ होता म्हणून जुना रिले उघडला. ८७बी च्या पायाभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर, भिंगातून स्पष्ट. सुटलेला नाही, पण सुटला असता. म्हणजे ‘सगळे’ अगदीच चुकीचे नव्हते, फक्त थोडे लवकर बोलत होते. फळीवरचं खोकं आता फोडलं, नवा रिले गाडीत. जुन्याला परत सोल्डर करून दिला, तो ग्लव्ह-बॉक्समध्ये राहील.

४ मार्च

दादा आला. जुने सेन्सर, काळी पडलेली अर्थपट्टी, चपटी गोळी सगळं बाकावर मांडून ठेवलं होतं. त्याने पट्टी हातात घेतली, वाकवली, दोन तारा तुटून पडल्या. ‘एवढ्याशासाठी बॅटरी घेतली मी,’ म्हणाला. बॅटरी वाया गेलेली नाही, ती चांगली आहे.

किल्ली फिरवली, चालू. बंद केली, परत फिरवली. असं बराच वेळ करत बसला. मग: ‘मग आता नेऊ?’

‘बेल्ट बदलल्यावर.’

‘तीनच वर्षं झालीत.’

‘तीन वर्षं आणि वर किती महिने ते पावतीवर बघ. आणि या सालच्या गाडीत बेल्टचा ताण हाताने लावावा लागतो, नवा बेल्ट थोडं चालल्यावर परत तपासावा लागतो. तो कधी तपासला होता?’

तपासलेला नाही. पावतीवर तसलं काही नाही. टायमिंग बेल्ट, बॅलन्स शाफ्टचा बेल्ट, रोलर आणि वॉटर पंप मागवले. कव्हर आधीच काढलेलं आहे, तसंच राहू दिलंय.